चित्राला आयएसबीएन नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एआयने काढलेल्या चित्रांवर आपण जो लेख छापलात, त्याचा सगळा डोलारा एकाच वाक्यावर उभा होता: कॅमेरा आला तेव्हाही चित्रकार असेच ओरडले होते. हे वाक्य मी अलीकडे प्रकाशकाकडून ऐकलं, भाच्याकडून ऐकलं आणि एकदा दातांच्या डॉक्टरांकडूनही ऐकलं, तेही माझं तोंड उघडं असताना. त्यांना तेव्हा देता न आलेलं उत्तर आपल्याकडे पाठवते आहे. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते आणि मुलांच्या गोष्टींसाठी चित्रं काढते. निम्मी कारकीर्द कागद, शाई आणि ब्रशवर गेली, पुढची टॅब्लेटवर. यंत्राचं मला वावडं नाही.

कॅमेऱ्याचं उदाहरण घ्यायचंच तर नीट घेऊ. अमेरिकेत नेपोलियन सरोनी नावाच्या छायाचित्रकाराने लेखक ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले होते. त्यातला एक फोटो एका लिथोग्राफ कंपनीने त्याला न विचारता हजारोंनी छापला. खटला झाला तेव्हा कंपनीचा बचाव असा, की फोटो यंत्र काढतं, त्याला कर्ता कुठला असणार? सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये हा बचाव फेटाळला. वाइल्डला कसं बसवायचं, कपडे कुठले, मागचा पडदा कुठला, उजेड कुठून, चेहऱ्यावरचा भाव कोणता, हे सरोनीने ठरवलं होतं, म्हणून ते चित्र त्याचं. कॅमेऱ्यामागच्या माणसाने काय काय ठरवलं हे बोट ठेवून दाखवता आलं, त्यावर फोटोला मान मिळाला.

गंमत अशी की आज हाच निकष एआयच्या बाजूने नाही, विरुद्ध जातो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका कॉमिक पुस्तकाबाबत सांगितलं, की मजकूर आणि पानांची मांडणी लेखिकेची, पण मिडजर्नी या एआय साधनातून आलेली चित्रं तिची नाहीत. त्याच वर्षी जेसन ॲलन या गृहस्थांचा अर्जही फेटाळला गेला. कोलोरॅडोच्या कलास्पर्धेत २०२२ मध्ये पहिलं बक्षीस मिळवलेलं त्यांचं चित्र ६२४ वेळा प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला दिलेली लेखी सूचना, बदलून तयार झालं होतं, तरीही. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने मात्र २०२३ मध्येच उलट निकाल देऊन प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याला हक्क दिला. म्हणजे जगाचं अजून एकमत नाही. पण जे प्रकाशक 'यंत्राचं मुखपृष्ठ स्वस्तात पडतं' म्हणून खूश आहेत, त्यांनी एवढं वकिलाला जरूर विचारावं, की तेच मुखपृष्ठ उद्या दुसऱ्याने उचललं तर थांबवणार कशाच्या जोरावर?

आणि कॅमेऱ्याच्या दाखल्यात एक गोष्ट कुणी बोलत नाही. सरोनीच्या कॅमेऱ्याला उजेड लागत होता आणि समोर बसलेला वाइल्ड लागत होता. त्याआधीच्या चित्रकारांची चित्रं त्या लाकडी पेटीच्या पोटात कोंबावी लागली नव्हती. एआयचं तसं नाही. २०२२ मध्ये लायन-५बी नावाचा डेटासेट खुला झाला. त्यात इंटरनेटवरून गोळा केलेल्या ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या आहेत, म्हणजे चित्राचा पत्ता आणि त्या चित्रासोबतची ओळ. त्याच्या निवडक भागांवर स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं यंत्र शिकवलं गेलं. कोणत्याही चित्रकाराला कुणी विचारलं नाही. चित्र नेटवर दिसतंय म्हणजे घ्यायला मोकळं, असं गृहीत धरलं गेलं.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांना एक सांगायला हवं. आमच्यातले बरेच जण सांगत फिरतात की यंत्र आपल्या चित्रांचे तुकडे कापून चिकटवतं. तसं ते करत नाही. शिकवताना चित्रावर थोडा थोडा धुरळा टाकत ते पार दिसेनासं करतात आणि यंत्राकडून तो धुरळा उलट्या दिशेने काढून घेण्याचा सराव करून घेतात. शेवटी उरतात ते आकडे. एखादं चित्र डेटात पुन्हा पुन्हा आलं असेल तर ते जवळजवळ जसंच्या तसं बाहेर काढता येतं, हे संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं, पण तो अपवाद आहे. चुकीचा आरोप घेऊन कोर्टात गेलं की पहिल्याच तारखेला तोंडावर पडायला होतं. आपला मुद्दा खरा असताना खोटी उपमा कशाला हवी?

खरा मुद्दा त्या चित्रासोबतच्या ओळीत आहे. त्या ओळीत पुष्कळदा चित्रकाराचं नाव असतं. पोलंडचे ग्रेग रुत्कोव्स्की हे ड्रॅगन, किल्ले, वादळं असली भव्य दृश्यं रंगवणारे चित्रकार. सुरुवातीच्या काळात प्रॉम्प्टमध्ये त्यांचं नाव नव्वद हजारांहून अधिक वेळा वापरलं गेल्याचं २०२२ मध्येच समोर आलं होतं. आपलं नाव शोधलं तर दुसऱ्यांनी यंत्रातून काढलेली चित्रं समोर येतात, हे त्यांनी स्वतः सांगितलं. ज्या नावासाठी माणूस आयुष्य घालवतो ते नाव लोकांच्या हातातलं बटण झालं. हे होऊ देताना त्या माणसाला साधा एक ईमेलही गेला नाही, याला मी चोरी म्हणणार नाही, कारण मग वकील मंडळी चोरीची व्याख्या काढून बसतात. मी याला बेमुर्वतपणा म्हणते.

शैलीबद्दल मात्र माझं मत अनेक सहकाऱ्यांना आवडत नाही. शैलीवर कुणाची मालकी नसते आणि ती असूही नये. मार्च २०२५ मध्ये जो तो आपल्या घरच्यांचे फोटो जपानच्या जिब्ली या ॲनिमेशन स्टुडिओच्या ढंगात काढून घेत होता, तेव्हा मला चिडून फोन आले, 'शैलीलाच कॉपीराइट हवा'. मी विचारलं, तो मिळाला तर कुणाला मिळेल? ज्याचे वकील मोठे त्याला. उद्या एखादी कंपनी पत्र पाठवेल, की तुमच्या मुलांच्या चित्रांतले गोल डोळे आमच्या मालकीचे आहेत. मी स्वतः शिकले ती नक्कल करून. हात कसा वळतो, जलरंगात कडा कुठे मोकळी सोडायची, हे जुन्या रेखाटनांवर पातळ कागद ठेवूनच कळलं. ते दार बंद झालं तर पहिला फटका नव्या मुलांना बसेल.

या भांडणाचं वयही लहान नाही. सोळाव्या शतकातला चित्रकार-चरित्रकार वसारी याने लिहून ठेवलं आहे, की इटलीतल्या मार्कांतोनियो राइमोंदी या ठसेकाराने जर्मन चित्रकार ड्यूररच्या लाकूडठशांची नक्कल त्याच्या 'एडी' या सहीचिन्हासकट व्हेनिसमध्ये विकली, ड्यूररने तिथल्या सरकारकडे तक्रार नेली, आणि निकाल लागला तो इतकाच, की मार्कांतोनियोने ती सही वापरायची नाही. चित्रांची नक्कल चालू राहिली. आता नोव्हेंबर २०२५ मधला लंडनच्या उच्च न्यायालयाचा निकाल पाहा. गेटी इमेजेस या छायाचित्रं पुरवणाऱ्या कंपनीने स्टेबल डिफ्यूजनवाल्या स्टेबिलिटी एआयवर दावा लावला होता. मॉडेलमध्ये, म्हणजे शिकून तयार झालेल्या यंत्रात, चित्रं साठवलेली नाहीत, त्यामुळे मॉडेल ही बेकायदा प्रत ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. शिकवण्याचं काम ब्रिटनमध्ये झाल्याचा पुरावा नसल्याने तो मुद्दा गेटीने आधीच सोडला होता. मग जिंकलं काय? यंत्राने काढलेल्या काही चित्रांवर गेटीचा वॉटरमार्क अर्धवट उमटत होता, तेवढ्यापुरता ट्रेडमार्कचा भंग. पाचशे वर्षांनी पुन्हा सही वाचली आणि चित्र गेलं. ड्यूररला हे वाचून हसू आलं असतं की नाही, सांगता येत नाही, त्याची आत्मचित्रं पाहता माणूस फारसा विनोदी वाटत नाही.

आता कामाच्या टेबलावर काय बदललं आहे ते सांगते, कारण लेखात त्याचा एक शब्दही नव्हता.

पूर्वी संहिता यायची. ती वाचायची, मग तीन-चार रफ काढायचे, त्यावर संपादकाशी वाद घालायचा, मग फायनल. आता संहितेच्या आधी चित्रच येतं. 'असं हवंय, फक्त जरा साफ करून द्या.' सोबत यंत्राने काढलेलं, लांबून देखणं चित्र. जवळून पाहिलं की उजेड डावीकडून येतोय आणि सावलीही डावीकडेच पडतेय. खिडकीची चौकट एका रेषेत सुरू होते आणि मुलीच्या डोक्यामागून निघते ती दुसऱ्याच उंचीवर. बोटं हल्ली बरोबर पाच असतात, तेवढी प्रगती आहे. हे 'साफ' करणं म्हणजे नवं चित्र काढण्यापेक्षा जास्त काम, कारण त्या चित्राला आतून हाडंच नाहीत. कुठल्या रेषेवर क्षितिज धरलं होतं हे विचारायला कुणी नाही. आणि मानधन कमी, कारण 'चित्र तर तयारच आहे ना, मॅडम.'

पण मानधनापेक्षा मला जास्त टोचतं ते रफ जाण्याचं. रफ काढताना आम्ही पुस्तक वाचतो, आणि पुष्कळदा आमच्याइतकं सावकाश कुणीच वाचत नाही. एका गोष्टीतल्या मुलीचा पुढचा दात तिसऱ्या पानावर पडतो. गोष्टीत पुढे त्याचा उल्लेख नाही, पण चित्रकाराला तो दात शेवटच्या पानापर्यंत सांभाळावा लागतो, फटीसकट. मला नमुना म्हणून आलेल्या यंत्राच्या चित्रांत प्रत्येक पानावर मुलगी पूर्ण बत्तिशी दाखवून हसत होती. मी ते कळवलं तर उत्तर आलं, 'एवढं कोण बघतं?' मुलं बघतात. मुलं तेवढंच बघतात. मोठ्या माणसांनी मजकूर वाचून दाखवायचा आणि मुलांनी चित्रातली चूक काढायची, ही मुलांच्या पुस्तकाची जुनी विभागणी आहे. प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याने गोष्ट वाचलेली नसते. त्याने फक्त 'सात वर्षांची आनंदी मुलगी, बाग, जलरंग' असं लिहिलेलं असतं, आणि त्याला तेवढंच मिळतं.

नवशिक्यांचं तर याहून कठीण आहे. नाव होण्याआधी सगळेच छोटी कामं करतात: सजावटीच्या चौकटी, मासिकातली कोपऱ्यातली रेखाटनं, पार्श्वभूमी. त्यावर हात बसतो आणि पोट चालतं. नेमकी हीच कामं आधी गेली. पुढच्या पिढीचे मुरलेले चित्रकार येणार कुठून, हा प्रश्न मी एका प्रकाशकाला विचारला तेव्हा त्याने विषय बदलला.

यावर ढाली निघाल्या आहेत. शिकागो विद्यापीठातल्या बेन झाओ यांच्या गटाने २०२३ मध्ये 'ग्लेझ' आणि पुढच्या वर्षी 'नाइटशेड' ही मोफत साधनं दिली. डोळ्याला जेमतेम जाणवेल असा फेरफार चित्रात करायचा, म्हणजे शिकणाऱ्या यंत्राला शैली भलतीच भासते, किंवा गायीच्या जागी भलतंच काही शिकलं जातं. मी ग्लेझ वापरते. सपाट रंगांच्या चित्रावर त्याचा पोत थोडा दिसतो आणि मला तो खटकतो. शिवाय जे आधीच गिळलं गेलं आहे त्याला याचा काही उपयोग नाही. आपल्याच चित्रावर आपणच डाग पाडून ते वाचवायचं, ही सोय म्हणायची की शिक्षा?

आपल्या वृत्तपत्राकडेही माझी एक तक्रार आहे, रागावू नका. त्या लेखासोबत पाऊण पान व्यापणारं चित्र होतं. खाली नाव नाही. माणसाने काढलं असेल तर त्याचं श्रेयनाव खाल्लंत, यंत्राने काढलं असेल तर वाचकाला सांगितलं नाहीत. फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव आपण छापता, मग चित्राखाली का नाही? हे किती बिघडू शकतं याची दोन उदाहरणं पुरेत. २०२३ मध्ये जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डागसेन यांनी सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत मिळालेलं पारितोषिक नाकारलं आणि सांगितलं की ही प्रतिमा एआयची आहे. पुढच्या वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी उलट केलं: फ्लेमिंगो पक्ष्याचा खराखुरा फोटो एआय गटात पाठवला, बक्षीस मिळालं, मग सत्य सांगितलं आणि तो बाद झाला. परीक्षकांची ही गत, तर वाचकाने काय ओळखायचं? युरोपीय संघाच्या एआय कायद्यात यंत्रनिर्मित मजकूर-प्रतिमांवर खूण असण्याची तरतूद आहे. आपल्याला त्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही, एक ओळ टाइप करायची आहे.

उरला पैसा. तो मागताना चित्रकार लाजतात, म्हणून संगीताकडे बघते. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्ट बुर्जे हा गीतकार बसला होता, आणि तिथे वाजत होती त्याचीच गाणी, फुकट. त्याने पेयाचे पैसे द्यायला नकार दिला: तुम्ही माझं वापरता त्याचे देत नाही, मी तुमचं पितो त्याचे देणार नाही. न्यायालयाने गीतकाराची बाजू घेतली आणि १८५१ मध्ये सासेम ही संस्था उभी राहिली, जी आजही फ्रान्समध्ये गीत-संगीताची रॉयल्टी गोळा करते. दुसरी गोष्ट अमेरिकेतली आणि कमी सुखाची. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोकं पाडलेल्या गुंडाळ्या निघाल्या, तेव्हा १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, माणसाला वाचता येत नाही ती प्रत कसली? (मॉडेलमध्ये चित्र नाहीच, या युक्तिवादाचा हा पणजोबा.) पुढच्याच वर्षी कायदा बदलला: कुणीही गाणं यंत्रावर उतरवावं, संगीतकाराने नाही म्हणायचं नाही, मात्र दर प्रतीमागे दोन सेंट द्यावेत. छान वाटतं ना? ते दोन सेंट १९७८ उजाडेपर्यंत दोन सेंटच राहिले.

हे आज आठवायचं कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने जी कार्यपत्रिका काढली, तिचा साचा तोच आहे: वैध मार्गाने मिळालेली कलाकृती एआय शिकवायला वापरण्याचा सक्तीचा परवाना, कलाकाराला नकाराचा हक्क नाही, बदल्यात एका मध्यवर्ती संस्थेमार्फत रॉयल्टी, दर ठरवायला सरकारने नेमलेली समिती. काही मिळणं हे काहीच न मिळण्यापेक्षा बरं, हे मला मान्य आहे. पण नकाराचा हक्क काढून घेणं मला पटत नाही. माझी चित्रं यंत्राला द्यायची नाहीत असं मी ठरवलं, तर त्यात देशाची कुठली प्रगती अडते?

आणि रॉयल्टी वाटणार कशी? गाणं वाजलं की मोजता येतं. यंत्रातून निघालेल्या एका चित्रात माझ्या कुठल्या रेषेचा किती अंश आहे, हे यंत्र बनवणाराही सांगू शकत नाही. मग पैसे जातात ते यादीत असलेल्यांना. अमेरिकेत २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीविरुद्ध लेखकांनी लावलेल्या दाव्यात दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली, पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. पुस्तकं वाचून यंत्र शिकवणं न्यायाधीशांनी वैध मानलं होतं. अडचणीत आली ती चाचेगिरीच्या संग्रहातून उतरवलेली प्रत. पण पैसे मिळण्यासाठी पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, किंवा तसाच दुसरा क्रमांक हवा होता आणि वेळेत झालेली कॉपीराइट नोंदणी हवी होती. चित्राला आयएसबीएन नसतो. पुस्तकाच्या आतल्या चाळीस चित्रांना तर मुळीच नसतो. मुखपृष्ठाचं श्रेय पाचव्या पानावर बारीक अक्षरात, आणि तेही असेल तर.

आपल्याकडे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांचा रॉयल्टीतला वाटा निर्मात्याला लिहून देता येणार नाही अशी सोय झाली. त्यासाठी ती माणसं वर्षानुवर्षं भांडली. फ्रान्समध्ये चित्रकारांची तशीच संस्था एडीएजीपी १९५३ पासून आहे, जर्मनीत बिल्ड-कुन्स्ट १९६८ पासून. आम्ही रेखाटनकार मात्र एकेकटे आपापल्या टेबलाशी, एकमेकांचे दर लपवत. यात दोष सरकारचा नाही, आमचा आहे. मी आता माझ्या प्रत्येक करारपत्रात दोन ओळी घालते: हे चित्र कोणत्याही एआय प्रणालीला शिकवण्यासाठी द्यायचं नाही, आणि माझ्या संमतीशिवाय यंत्राने त्यात फेरफार करायचे नाहीत. काही प्रकाशक वाचून सही करतात, काही न वाचता करतात, आणि एकाने दोन ओळी खोडून पाठवल्या. त्याचं काम मी घेतलं नाही. ज्याला नाही म्हणणं परवडत नाही त्याने काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते संघटनेकडेच असू शकतं.

आपल्या दिल्लीच्या वार्ताहरांना एक काम सांगते. दर ठरवणाऱ्या त्या समितीवर चित्रकार किती असतील आणि दराचा फेरविचार किती वर्षांनी होणार, हे त्यांनी विभागाला लेखी विचारावं, आणि जे उत्तर येईल ते छापावं. उत्तर आलं नाही तर तेही छापावं.

आपली नम्र,
मुलांच्या पुस्तकांची एक चित्रकार